माहेरी निघालेलं लोखंड

उस्तादांनी स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं दाराखालच्या पत्र्यावर टकटक करत ते पुढून मागे सरकत गेले. ठण, ठण, ठण. मागच्या चाकाच्या जरा अलीकडे आवाज बदलला. भद्. ते थांबले. स्क्रू-ड्रायव्हर सुलटा केला आणि त्याचं टोक तिथं नुसतं टेकवलं. जोर लावलाच नाही. सादळलेल्या पापडातून बोट आरपार जावं तसं ते टोक पत्र्यात शिरलं आणि चमचाभर लाल भुगा माझ्या चपलेवर सांडला.

"ताई, रंग बघून काय समजणार?" उस्ताद म्हणाले. "इथं रंगानंच धरून ठेवलंय सगळं."

गाडी माझ्या मामाची. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. अलिबागजवळच्या गावात, समुद्रापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, मागच्या अंगणात ताडपत्रीखाली तिनं आठ पावसाळे काढले होते. मामाची दृष्टी अधू झाली तसं त्याचं गाडी चालवणं थांबलं आणि गाडी जिथं होती तिथंच राहिली. आता त्याच्या नातवाला ती हवी होती. मामाचा प्रश्न सरळ होता : हिलाच पुन्हा उभी करायची, की हिला निरोप देऊन अशीच दुसरी, चांगल्या अवस्थेतली पद्मिनी बघायची?

मी तिथं गेले तेव्हा माझ्या लेखी हा पैशांचा आणि मायेचा प्रश्न होता. मग मी तो भुगा चिमटीत घेऊन चोळला. बोटं रंगली ती थेट अंगणातल्या मातीसारखी, शेजारच्या कुंपणाच्या जांभ्या दगडासारखी. हे साम्य उगाच नाही. जांभ्याला त्याचा रंग देतात ती लोखंडाची ऑक्साइडं. गोव्यातून जहाजं भरभरून जपानला जात असे ते खनिज, हेमटाइट, तेही लोखंडाचं ऑक्साइडच. आणि गंज म्हणजे तरी काय? लोखंड, ऑक्सिजन आणि थोडं पाणी.

पृथ्वीच्या पाठीवर सुटं लोखंड जवळजवळ सापडतच नाही. उल्कांमधून आलेलं थोडंफार सोडलं, तर बहुतेक सगळं ऑक्सिजनशी संसार करत मातीत बसलेलं असतं. तो संसार मोडायला माणसाला झोतभट्टी पेटवावी लागते, कोक जाळावा लागतो, दीड हजार अंशांच्या आसपास तापमान न्यावं लागतं. तेव्हा कुठं लोखंड ऑक्सिजनला सोडतं. पण ही ताटातूट जबरदस्तीची असते. भट्टीत ओतलेली ऊर्जा लोखंडात साठून राहते आणि संधी मिळेल त्या क्षणी ते ती सोडून देऊन पुन्हा ऑक्सिजनला मिठी मारतं. मामाची गाडी खराब होत नव्हती, ती माहेरी निघाली होती. आठ वर्षं ताडपत्रीखाली हे चालू होतं, रोज, न थांबता, कुणी बघत नसताना.

ते कसं चालतं हे समजलं, की जुन्या गाडीकडे बघण्याची नजरच बदलते. गेल्या शतकात केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाचे शास्त्रज्ञ होते. गंजाच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. त्यांचा एक प्रयोग इतका साधा आहे, की शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात दोन रसायनं आधीच मिसळलेली असतात. एक आपलं दहावीतलं फिनॉल्फ्थॅलिन, जे अल्क मिळालं की गुलाबी होतं. दुसरं फेरिसायनाइड, जे विरघळणारं लोखंड भेटलं की निळं होतं. थोड्या वेळानं थेंबाची कड गुलाबी होते आणि मधोमध निळा डाग उमटतो.

त्या चिमुकल्या थेंबात विजेचा घट तयार झालेला असतो. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्ये थर जाड, तिथं ऑक्सिजनची टंचाई. या फरकामुळे मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतं, ते इलेक्ट्रॉन पट्टीतून कडेकडे धावतात आणि ऑक्सिजन त्यांना तिथं झेलतो. दोन्हीकडून सुटलेली द्रव्यं अधेमध्ये भेटतात आणि तपकिरी गंजाचं कडं तिथं बसतं. आता यातला चमत्कार बघा. लोखंड कुरतडलं जातं जिथं हवा कमी पोहोचते तिथं, आणि गंज दिसतो त्याच्या बाजूला.

गाडीत या एका गोष्टीनं सगळं उलगडतं. रंगाखालचा फोड बाहेरून मसुराच्या डाळीएवढा आणि खरवडल्यावर रुपयाएवढं भोक, असं का? कारण फोडाच्या आत हवा कमी, ओल जास्त. रबरी मॅटखालचा बुडाचा पत्रा आधी का जातो? चाकाच्या कमानीत चिखलाचा थर बसतो तिथंच का सडतं? आणि ज्या ताडपत्रीनं मामानं मायेनं गाडी झाकली, तिनंच घात का केला? हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो आणि गंज वेग घेतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा यापेक्षा कितीतरी ओली. त्यात खाऱ्या वाऱ्यातलं मीठ, म्हणजे पापुद्र्यातून वीज आणखी सुखानं वाहणार. वरून ताडपत्री, म्हणजे ओल कोंडलेली आणि वारा बंद. उघड्यावर उभी असती तर निदान पावसाची उघडीप मिळाल्यावर ती वाळली तरी असती.

त्यातच गंज फुगतो. लोखंडाच्या जागेवर बसलेला गंज त्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त, कधी कधी कितीतरी जास्त जागा मागतो. मुंबईच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्लॅबचं प्लास्टर डोक्यावर पडतं ते आतल्या सळ्या गंजून फुगल्यामुळे. गाडीत दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी वेल्ड केलेले असतात. त्या सांध्यात गंज शिरला, की तो दोन्ही पत्रे पाचरीसारखे एकमेकांपासून फाकवतो. मामाच्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला, मी बोट फिरवलं तेव्हा सरळ असायला हवी ती शिवण लाटेसारखी वरखाली लागली.

एवढं होऊनही इंजिन फिरत होतं. उस्तादांच्या पोऱ्यानं स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, पुढच्या पुलीला पाना लावला, आणि ते १०८९ सीसीचं इंजिन कुरकुरत का होईना, हललं. मामाचा चेहरा उजळला. "इंजिन चांगलंय म्हणजे गाडी चांगलीय," तो म्हणाला. आपण सगळे असंच म्हणतो. माझ्या मते जुन्या गाडीबद्दलची सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

इंजिन म्हणजे गाडी, हे जीपच्या बाबतीत एक वेळ खपून जाईल. जुन्या जीपला खाली भक्कम चॅसिस असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. बॉडी सडली तर उचलून दुसरी ठेवता येते. पद्मिनीचं तसं नाही. तिचा मूळ पुरुष फियाटची ११००-१०३. १९५३ साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात आली ती. पुढच्याच वर्षापासून ती वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समार्फत आपल्याकडे येऊ लागली आणि लोकांनी लाडानं तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिची पुढची पिढी १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. या सगळ्या घराण्यात वेगळी चॅसिसच नाही. बॉडी हीच चॅसिस. पत्रा हाच सांगाडा.

आणि तो पत्रा जाडीला जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. हातानं वाकेल असा. त्याच्यावर सुमारे ९०० किलोंची गाडी आणि पाच माणसं कशी तोलली जातात? काडेपेटी घ्या. आतला खण बाहेर काढून पिळला तर लगेच वाकडा होतो. तोच खण पेटीत सरकवा आणि पिळून बघा. कागद तोच, पण चारी बाजूंनी बंद झालेला. दाराखालच्या सिल, छताला धरणारे खांब, बुडाखालच्या आडव्या पट्ट्या या सगळ्या अशा बंद पेट्या आहेत. गाडीची ताकद पत्र्याच्या जाडीत नाही, त्याच्या घडीत आहे.

मला खरं थक्क केलं ते यानंतरच्या गोष्टीनं. बंद पेटी म्हणजे आत ब्रश जात नाही, रंग नीट पोहोचत नाही. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी दारात उतरतं, दाराच्या तळाला ते निघून जायला छोटी भोकं ठेवलेली असतात, ती धुळीनं बुजतात. सिलचंही तसंच. म्हणजे जिथं गाडीची सगळी ताकद, तिथंच काळोख, ओल आणि हवेची टंचाई. इव्हान्स यांच्या थेंबाचा मध्यबिंदू जणू. म्हणून "किती गंज आहे" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. बॉनेट अख्खं लाल झालं असेल तरी हरकत नाही, ते बोल्ट काढून बदलता येतं. सिलमध्ये वितभर भोक असेल, तर मात्र बसून विचार करायला हवा.

ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येईल का, हे ठरवायला अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली गेली. आठ गुण मिळाले तर गाडी तीच. स्टिअरिंगला २, गिअरबॉक्सला २, अॅक्सलना २, सस्पेन्शनला २. मूळ चॅसिस किंवा चॅसिसवजा बॉडीला ५. आणि इंजिनाला? १.

आपल्याकडेही कायद्यानं बोट तिथंच ठेवलंय. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी, मूळ रूपात जपलेली, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. अशा गाडीला वेगळ्या मालिकेतला नंबर मिळतो. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. मामाची गाडी २०२८ साली पन्नाशी गाठणार होती. तिची बॉडीच दुसरी आणून घातली, तर ती "मूळ रूपातली" कशी म्हणायची? आणि एक गोष्ट ठणकावून सांगते : एका गाडीचा चॅसिस नंबर कापून दुसरीच्या पत्र्यावर वेल्ड करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तिथून उठावं. तो गुन्हा आहे.

गाडीचं "तेच" असणं नेमकं कशात असतं, यावर लंडनच्या उच्च न्यायालयात १९९० साली एक खटला लढला गेला. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची शर्यत जिंकलेली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती धावपट्टीच्या कठड्यावरून उडाली, चालकाचा जीव गेला. गाडी पुन्हा बांधली गेली, त्याआधीही बरंच बदललं होतं. पुढे तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाला आणि ही मूळ गाडीच नाही म्हणत खरेदीदार मागे फिरला. तपासणीत निघालं, की १९२९ च्या गाडीपैकी पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा खांब, एवढंच शिल्लक. तरीही न्यायमूर्ती ओटन यांनी विक्रेत्याच्या बाजूनं निकाल दिला. गाडी एका दिवसात नाहीशी होऊन दुसरी आली असं कधी घडलं नव्हतं. ती बदलत गेली, पण तिचा इतिहास सलग होता.

हा निकाल वाचल्यापासून मला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी वेगळ्या दिसू लागल्या आहेत. त्याच खाऱ्या हवेत, त्याच पावसात, हिंदमाता चौकात साचणाऱ्या गुडघाभर पाण्यातून त्या वीस वीस वर्षं धावल्या. रोज इंजिनाच्या उष्णतेनं आणि वाऱ्यानं वाळल्या. फिटनेसच्या तारखेआधी कुठं तरी ठिगळ लागलं, रंगाचा हात फिरला. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. ३० ऑक्टोबर २०२३ ला त्या रस्त्यावरून गेल्या त्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे.

तर मामाची गाडी. उस्तादांनी खिशातून लोहचुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि दारावरून फिरवलं. चुंबक सरसर पत्रा धरून चाललं आणि खालच्या कोपऱ्यात आल्यावर टपकन गळून पडलं. तिथं लोखंड नव्हतंच, जुनी पुट्टी होती, बोटभर जाड. कुणी तरी कधी तरी भोक बुजवून वरून रंग मारला होता. पुट्टी ओल धरते, आणि मागचा पत्रा आणखी वेगानं जातो. मग त्यांनी डाव्या सिलखाली जॅक लावून हळूहळू वर घेतला. चाक जमिनीवरून सुटायच्या आधी पत्रा चेपत गेला, आणि मागचं दार, जे आत्तापर्यंत सहज उघडत होतं, ते अडकलं. ते दार अडकलं तेव्हाच मला उत्तर कळलं. सांगाडा वाकत होता.

उस्ताद मग पाठीवर झोपून गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मागच्या पाट्याची, म्हणजे लीफ स्प्रिंगची, पुढची बैठक जिथं बुडाला जोडलेली असते, ती डावीकडची जागा पार गेली होती.

"नवा पत्रा मी घालीन," अंग झाडत ते मामाला म्हणाले. "सीओटू वेल्डिंगनं थोडं थोडं टाचत गेलं तर पत्रा तापून वाकत पण नाही. दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाकून आधी सांगाडा बांधून घेऊ, मग सिल कापू. काका, ते सगळं होतं. पण नवा पत्रा जोडायचा तर जोडायला जुनं चांगलं लोखंड पाहिजे ना. इथं मी जोडू कशाला?"

या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात या प्रश्नाइतकं नेमकं काही सापडलं नाही. गंज कापत जायचं, चकाकणारं लोखंड लागेपर्यंत. ते चार बोटांवर लागलं, तर गाडी वाचवावी, खर्च बाजारभावापेक्षा जास्त आला तरी वाचवावी असं माझं मत आहे. ते लागतच नसेल, सिलमधून बुडात, बुडातून स्प्रिंगच्या बैठकीत आणि तिथून खांबात शिरावं लागत असेल, तर आपण गाडी दुरुस्त करत नसतो, जुन्या नंबरची नवी गाडी घडवत असतो. तेव्हा दुसरी बघावी.

वरवरचा, अजून पत्रा न खाल्लेला गंज मात्र सहज आवरता येतो, आणि त्याची युक्ती आपल्या ओळखीची आहे. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कोडं उलगडताना दाखवलं, की त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक अतिशय पातळ थर तयार होऊन त्यानं आतलं लोखंड राखलं. गॅरेजमध्ये गंजावर लावायचं जे फॉस्फोरिक आम्ल मिळतं, तेही लोखंडावर फॉस्फेटचाच थर बसवतं. दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात टॅनिक आम्ल असतं, ते गंजाचा निळाकाळा, घट्ट थर करून टाकतं. सह्याद्रीत हिरडा गोळा करणाऱ्यांना हा रंग नवा नाही. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि हिरडा व लोखंड एकत्र आले की काळं होतं, हे आपल्या रंगाऱ्यांना आणि शाई करणाऱ्यांना शतकानुशतकं माहीत आहे.

मामानं दोन दिवस घेतले. मग सोलापूरकडची, कोरड्या हवेत राहिलेली एक पद्मिनी मिळाली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण स्क्रू-ड्रायव्हर पुढून मागे ठणठण वाजत गेला. मामाच्या गाडीची बिनगंजलेली उजवी दारं, सगळ्या काचा, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा तिच्यात गेला. इंजिन उस्तादांनी तेल लावून सुटं ठेवलंय. सोलापूरच्या गाडीत तिचं स्वतःचं इंजिन आहे आणि कागदपत्रांसाठी ते तिथंच राहावं हे बरं. उरलेला सांगाडा सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात जमा केला. तो वितळेल आणि पुन्हा पत्रा होईल.

तुमच्या घराच्या मागे, चाळीच्या बोळात, गावच्या गोठ्यात अशी एखादी गाडी उभी असेल, तर निर्णय नंतर घ्या. या पावसाळ्याआधी ताडपत्री काढा आणि वर पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर घालून चारी बाजूंनी वारा खेळू द्या. आतली मॅट आणि कार्पेट उचलून बाहेर काढा, बूड कोरडं करा. दारांच्या आणि सिलच्या तळाची भोकं सायकलच्या स्पोकनं मोकळी करा.